बदलापूर पश्चिमेतला एक टू-बीएचके: आठ वर्षांचा हिशेब

पार्श्वभूमी

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातले काही तपशील बदलले आहेत. घरातली सून परळच्या एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स होती. बिल्डिंगमध्ये सगळे तिला सिस्टर म्हणतात, म्हणून इथंही सिस्टर आणि मिस्टर अशीच नावं चालवू. मिस्टर ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मशिन दुरुस्तीचं काम करतात. घरात आजी, म्हणजे मिस्टरांची आई, आणि 2017 साली नुकताच पहिलीत गेलेला मुलगा. मी सोसायट्यांचे हिशेब आणि कागदपत्रं पाहतो. 2019 च्या पुरानंतर त्यांच्या सोसायटीनं बोलावलं, तेव्हा ओळख झाली. त्याआधीचं मी त्यांच्याकडून ऐकलेलं आहे, नंतरचं बरंचसं समोर घडलेलं.

बदलापूरला येण्याआधी हे सगळे लालबागच्या चाळीत दहा बाय सोळाच्या खोलीत राहत होते. आजोबा गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत. म्हाडाच्या गिरणी कामगारांच्या सोडतीसाठी वारस म्हणून आजींचा अर्ज भरलेला होता, पण नंबर लागत नव्हता. खोलीत धाकट्या दिराचं कुटुंबही होतं. दिराला मूल झालं आणि रात्रपाळी करून आलेल्या सिस्टरला दिवसा झोपायला जागाच उरली नाही. घर शोधायला सुरुवात झाली ती या एका कारणानं. बाकीची कारणं, म्हणजे मुलाचा अभ्यास, पाहुणे, स्वतःचं संडास-बाथरूम, मागाहून जोडली गेली.

प्रश्न

दोघांचं मिळून महिन्याचं उत्पन्न 70 हजारांच्या आसपास होतं. हातात 8 लाख, त्यात सिस्टरच्या पीएफमधून काढलेली रक्कमही धरलेली. या पैशांत मुंबईत काही मिळणार नाही हे माहीत होतं. मग किती लांब जायचं? वाढलेल्या अंतराचा भार घरातल्या कोणी उचलायचा, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारलाच नाही. बोलणं फिरून फिरून चौरस फुटाच्या दरावर येत होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय थांबण्याचा: सोडतीची वाट पाहायची आणि तोवर परळजवळ भाड्यानं राहायचं. भाडं ऐकून हा पर्याय एका संध्याकाळीत संपला.

दुसरा डोंबिवलीचा. त्याच पैशांत तिथं जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत वन-आरके मिळत होता, फार तर आटोपशीर वन-बीएचके. गाड्या भरपूर, रुग्णालयं, शाळा, बाजार सगळं जमलेलं. आजींचे गुडघे दुखत होते आणि पाहिलेली दोन्ही घरं तिसऱ्या मजल्यावर होती.

तिसरा बदलापूर. सीएसएमटीपासून 68 किलोमीटर, कल्याणच्या पुढे कर्जत मार्गावर. 2001 च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेलं हे गाव 2011 मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेलं होतं आणि 2017 मध्ये तर जिकडे पाहावं तिकडे क्रेन दिसत होत्या. पूर्वेला कात्रप-शिरगावकडे दर थोडा जास्त, पश्चिमेला नदीकडे कमी. पश्चिमेत पहिल्या मजल्यावरचा टू-बीएचके 26 लाखांना मिळत होता. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम पूर्ण होऊन राहायला परवानगी असल्याचा दाखला होता, त्यामुळे जीएसटी नव्हता. प्रधानमंत्री आवास योजनेची व्याज सबसिडी त्याच वर्षी मध्यम उत्पन्न गटाला लागू झाली होती आणि 6 ते 12 लाखांच्या वार्षिक उत्पन्नाला साधारण 2.35 लाखांपर्यंत लाभ मिळत होता. बदलापूर-वांगणी पट्ट्यातले विक्री कार्यालयातले लोक हा आकडा दरपत्रकाच्याही आधी सांगत.

20 लाखांचं कर्ज, वीस वर्षं, हप्ता 17 हजारांच्या वर. खिडकीतून उल्हास नदीकडची झाडी दिसत होती. आजींना घर पाहताक्षणी आवडलं.

घर घेताना काय तपासलं, काय राहिलं

जे तपासलं ते नीट तपासलं. सातबारा, बिनशेती परवानगी, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, बँकेच्या वकिलाचा मालकी हक्काचा शोध अहवाल. एवढं सगळं पाहणारी कुटुंबं मला फार भेटत नाहीत.

राहिली ती पूररेषा. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत बांधकामाला मनाई. लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटींसह बांधकाम चालतं. ही इमारत त्या मधल्या पट्ट्यात होती. म्हणजे कायद्यानं गैर काहीच नव्हतं, बँकेनं कर्ज दिलं, सबसिडीही मिळाली. सगळी कागदपत्रं बरोबर असूनही पाणी येऊ शकतं, हे समजायला गावातल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारणं पुरेसं होतं. 26 जुलै 2005 ला पाणी कुठवर आलं होतं ते हेंद्रेपाडा, वालिवली, रमेशवाडी भागातला कोणीही हात वर करून दाखवतो. यांनी विचारलं ते दलालाला. तो म्हणाला, ‘ते तेव्हाचं, आता भराव टाकलाय.’

सिस्टरच्या ड्यूटीचाही विचार अपुरा झाला. रविवारी दुपारी घर बघायला आले तेव्हा गाडीत बसायला जागा होती. सकाळच्या पाळीसाठी पहाटे पाचच्या आत निघावं लागेल, फास्ट गाडी परळला थांबत नसल्यानं दादरला उतरून स्लो धरावी लागेल, आणि दुपारची पाळी संपवून घरी यायला मध्यरात्र होईल, हे तोंडी बोललं गेलं. करून कोणी पाहिलं नाही.

पहिली दोन वर्षं

हे ऐकताना मला वाटलं की लालबागच्या चाळीत उभा जन्म गेलेल्या आजी बदलापूरला कोमेजल्या असतील. झालं होतं उलट. गॅलरीत कुंड्या आल्या, समोरच्या इमारतीतल्या बायकांसोबत मंगळवारचं भजन सुरू झालं, आणि लिफ्ट असल्यामुळे त्या रोज खाली उतरू लागल्या. कोकणातल्या, घाटावरच्या, परळ-गिरगावातून आलेल्या त्यांच्या वयाच्या बायका प्रत्येक मजल्यावर होत्या, आणि सगळ्याच नव्या असल्यानं कोणाला कोणी परकं वाटत नव्हतं. नव्या वस्तीचा हा फायदा दरपत्रकात येत नाही.

मुलालाही चाळीत नव्हतं ते मैदान मिळालं. मिस्टरांचा ठाण्यापर्यंतचा प्रवास त्रासाचा होता, पण त्यांची वेळ ठरलेली होती, डबा ठरलेला होता, डब्यातलं मित्रमंडळही ठरून गेलं.

भार पडला तो सिस्टरवर. सुरुवातीला बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये तिला खिडकी नाही तरी सीट मिळायची आणि दादरपर्यंत झोप व्हायची. वर्षभरात तेही गेलं. अंबरनाथ, उल्हासनगरचे प्रवासी सीटसाठी उलटे बदलापूरपर्यंत येतात, रिटर्न मारतात, आणि गाडी फलाटाला लागते तीच भरलेली. बदलापुरात नव्या इमारती उभ्या राहतील तसे चढणारेही वाढणार होते, गाड्या मात्र त्या प्रमाणात वाढत नव्हत्या. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेची घोषणा प्रत्येक जाहिरातीत होती.

नवं उपनगर वाढतं त्याला एक क्रम असतो, असं मला अशा बऱ्याच सोसायट्यांत दिसलं आहे. आधी माणसं येतात. पाठोपाठ किराणा, केमिस्ट, चायनीजच्या गाड्या. काही वर्षांनी शाळा आणि दवाखाने. पाण्याची मोठी लाइन, मलनिस्सारण आणि जादा गाड्या सर्वांत शेवटी. ज्याचं रोजचं आयुष्य पहिल्या तीन गोष्टींवर चालतं, त्याला उपनगर लवकर मानवतं, आणि आजी त्यातल्या. सिस्टरचं आयुष्य शेवटच्या गोष्टीवर टांगलेलं होतं.

27 जुलै 2019

शुक्रवारी रात्री सिस्टर परळला रात्रपाळीला होती. कर्जत-खंडाळ्याच्या बाजूला रात्रभर कोसळलेला पाऊस उल्हास नदीतून खाली आला. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस त्याच रात्री बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि शनिवारी दुपारपर्यंत तिच्यातल्या हजारावर प्रवाशांना बोटींतून, हेलिकॉप्टरच्या मदतीनं बाहेर काढावं लागलं. देशभरातल्या वाहिन्यांवर ती गाडी दिसत होती. तिथून थोड्या अंतरावर या इमारतीच्या स्टिल्टमध्ये, म्हणजे खालच्या खांबांमधल्या मोकळ्या पार्किंगमध्ये, छातीएवढं पाणी होतं.

घरात पाणी शिरलं नाही, पहिला मजला वाचला. पण मीटरची खोली, पाण्याचा पंप, लिफ्टचा खड्डा आणि जमिनीखालची टाकी, असं सगळं तळमजल्यावरच होतं. टाकीत नदीचं पाणी मिसळलं. दुचाक्या बुडाल्या. वीज चार दिवस नव्हती. सिस्टर रविवारी घरी पोहोचली. तोवर आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या आणि शेजारच्यांनी आपल्यातल्या काढून दिल्या होत्या.

विकायचं की राहायचं

सिस्टरला विकायचं होतं. ऑगस्टमध्ये दलालाला विचारलं तर त्यानं 21 लाख सांगितले, तेही गिऱ्हाईक मिळालं तर. सबसिडी वजा होऊन कर्ज 17 लाखांच्या जवळ उरलं होतं. विकून हातात 4 लाख, म्हणजे घातलेल्या 8 लाखांचे निम्मे. शिवाय ताबा घेतलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत विकलं तर आयकराच्या 80सी कलमाखाली कर्जाच्या मुद्दलावर घेतलेली वजावट परत उत्पन्नात धरली जाणार होती. हे ऐकून मिस्टर गप्प बसले.

दुसरा मार्ग होता घर भाड्यानं देऊन पूर्वेला भाड्यानं राहण्याचा. पश्चिमेतल्या त्या इमारतीत पुरानंतर 6 हजारांवर कोणी यायला तयार नव्हतं. हप्ता 17 हजारांचा आणि वर पूर्वेचं भाडं, हे झेपणारं नव्हतं.

तिसरा मार्ग थांबून इमारत सुधारण्याचा. इथं खरी ओढाताण झाली. सर्वसाधारण सभेत चौथ्या मजल्यावरच्या सभासदांनी सरळ सांगितलं की पाणी आमच्या घरात येत नाही, मीटर वर हलवायचा खर्च आम्ही का द्यायचा. त्यावर आजी बोलल्या. सभेत सभासद मिस्टर होते, पण आजींना कोणी अडवलं नाही. ‘चार दिवस बादल्या कोणी चढवल्या वर? तुमच्याच पोरांनी ना?’ प्रस्ताव मंजूर झाला. प्रत्येक फ्लॅटमागे 9 हजार, तीन हप्त्यांत.

काय काय केलं

मीटरचा बोर्ड जिन्याच्या पहिल्या वळणावर नेला. त्यासाठी वीज कंपनीची परवानगी, परवानाधारक ठेकेदार आणि तपासणी यांत चार महिने गेले. पंपाला उंच ओटा बांधला. जमिनीखालच्या टाकीचं तोंड चार फूट उंच करून घट्ट बसणारं झाकण लावलं, आणि टाकीचा हवेचा पाइपही तेवढाच वर घेतला. ही शेवटची गोष्ट बहुतेक सोसायट्या विसरतात आणि पुढच्या पुरात पाणी नेमकं त्याच पाइपातून टाकीत उतरतं. लिफ्टला सूचना लागली: पाणी रस्त्यावर आलं की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची.

बदलापूरला उल्हास नदीची इशारा पातळी 16.50 मीटर आणि धोका पातळी 17.50 मीटर धरली जाते. सोसायटीनं ठरवलं की इशारा पातळी ओलांडली की गाड्या उड्डाणपुलाकडे हलवायच्या, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. गावात पाऊस नसला तरीही, कारण पाणी कर्जतहून येतं. पहिल्या पावसाळ्यात गाड्या दोनदा उगाच हलवल्या गेल्या आणि ग्रुपवर टोमणे बसले.

22 जुलै 2021 ला पुन्हा पूर आला. स्टिल्टमध्ये पाणी आलंच, पण मीटर कोरडे राहिले, टाकी शुद्ध राहिली आणि वीज दुसऱ्या दिवशी आली. टोमणे मारणाऱ्यांतल्या दोघांच्या गाड्या मात्र बुडाल्या. त्या वर्षी एप्रिलपासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित घरविमा पॉलिसी सगळ्या कंपन्यांना देणं भाग झालं होतं आणि तिच्यात पूर समाविष्ट आहे. मिस्टरांनी ती घेतली. सोसायटीतले बाकीचे अजून विचारच करतायत.

सिस्टरची नोकरी

पुराचं नुकसान पैशात मोजता आलं. या घराचं मोठं देणं मात्र प्रवासाचं होतं आणि ते दिसायला महामारी यावी लागली. मार्च 2020 मध्ये लोकल बंद झाल्या. अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी त्या 15 जूनला सुरू होईपर्यंत सिस्टर कधी एसटीनं, कधी रुग्णालयानं दिलेल्या मुक्कामाच्या खोलीत राहून ड्यूटी करत होती. मुलगा तिला व्हिडिओवर दिसत होता. पुढे गाड्या पूर्ववत झाल्या तशी गर्दी आधीपेक्षा वाढली, कारण बाहेरून येऊन बदलापूरला घर घेणारेही मधल्या काळात वाढले होते. ऑगस्ट 2022 मध्ये साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित फेऱ्या आल्या, तेव्हा कळवा आणि बदलापूरला प्रवासी रुळांवर आणि स्टेशन मास्तरांच्या दारात उतरले आणि वाढवलेल्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. सिस्टर त्या दिवसांत ताटकळलेल्यांपैकी एक होती. तिच्या महिन्याच्या पासावर त्या गाडीत चढता येत नव्हतं.

त्या पावसाळ्यात तिला कल्याणच्या एका रुग्णालयात जागा असल्याचं कळलं. पगार साधारण चौथ्या हिश्श्यानं कमी. परळला तिची पंधरा वर्षं झाली होती, वॉर्ड इन्चार्ज होण्याची पाळी जवळ आली होती. मिस्टरांना हप्त्याची काळजी होती. दोघांनी कागदावर मांडलं: कमी झालेला पगार, वाचलेला पास आणि रिक्षा, दर महिन्याच्या रजा, आणि रोजचे जवळजवळ तीन तास. पैशांत तोटाच निघाला. तरी तिनं नोकरी बदलली.

इथं उपनगराच्या वाढीनंच तिला हात दिला, हे नोंदवायला हवं. 2017 मध्ये कल्याण-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात तिच्या अनुभवाच्या नर्सला परळच्या जवळपास पगार देणारी जागा तिला सापडली नव्हती. माणसं आली, मागोमाग रुग्णालयं आली, मग जागा निघाली. तोपर्यंतची पाच वर्षं तिनं अंगावर काढली.

आजची स्थिती

घर अजून त्यांचंच आहे. दलाल आता घेतलेल्या किमतीपेक्षा चांगली वर रक्कम सांगतात, तीही नदीकडचं घर म्हणून पूर्वेपेक्षा कमीच. जाहिरातींत आता वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्गाचा बोगदा, नवी मुंबई विमानतळ आणि कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो 14 आहे. विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झालं. मेट्रो कागदावर आहे. तिचा भाव आजच्या घरात मोजू नका, एवढं मी विचारणाऱ्याला सांगतो.

पाण्याचा दाब कमी झालाय. आजूबाजूला उंच इमारती झाल्यात आणि पाणी त्याच उल्हास नदीतून उचललं जातं. उन्हाळ्यात सोसायटीला टँकर मागवावा लागतो, 2018 मध्ये तो शब्दही ऐकला नव्हता. समोरचं मैदान होतं तिथं आता सात मजली इमारत आहे. आजींचं भजन मात्र दोनाचं चार इमारतींचं झालंय.

वेगळं काय करता आलं असतं

घर घेऊ नये असं मी म्हणणार नाही. त्या उत्पन्नात, त्या चाळीतून, चौघांसाठी ते घर पुष्कळ काही देऊन गेलं. प्रश्न क्रमाचा होता.

2017 मध्ये तसाच टू-बीएचके बदलापुरात 7 हजार भाड्यानं मिळत होता, हप्त्याच्या निम्म्याहून कमीत. घेण्याआधी एक वर्ष भाड्यानं राहिले असते तर दोन गोष्टी फुकटात कळल्या असत्या: पावसाळ्यात नदी कुठवर येते, आणि तिन्ही पाळ्यांत सिस्टरला किती झोप मिळते. सबसिडी हातची जाईल ही भीती दाखवून विक्रेत्यांनी घाई करवली. ती योजना मध्यम उत्पन्न गटाला मार्च 2021 पर्यंत चालली, अर्थात 2017 मध्ये ते कोणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

पूररेषेचा नकाशा न पाहणं ही चूक समजण्यासारखी आहे, कारण बँकेचा वकीलही तो पाहत नाही. दलालाऐवजी 2005 पाहिलेल्या माणसाला न विचारणं ही जास्त महाग पडली. सिस्टरची नोकरी बदलण्याचा विचार 2022 ऐवजी घर घेतानाच निर्णयाचा भाग व्हायला हवा होता. प्रवासाचे तास कोण भरणार हे ठरवलं नाही, की ते ज्याची ड्यूटी अडनिड वेळेची त्याच्यावर आपोआप पडतात. या घरात ते सुनेवर पडले, आणि पाच वर्षं कोणाला त्यात ठरवण्यासारखं काही दिसलं नाही.

एका बाबतीत माझं आणि मिस्टरांचं एकमत नाही. ते म्हणतात, पुरानंतर लगेच विकलं असतं तर बरं झालं असतं. मला तसं वाटत नाही. निम्मे पैसे बुडवून ते त्याच शोधाला परत लागले असते, तोही वाढलेल्या दरात. सोसायटीनं खालच्या सोयी वर नेल्या, तो या प्रकरणातला सर्वांत कमी खर्चाचा आणि जास्त उपयोगी ठरलेला निर्णय होता.

मुलगा आता नववीत आहे. दहावीनंतर कॉलेज दादर-माटुंग्याला की कल्याण-उल्हासनगरला, यावर घरात बोलणं सुरू आहे आणि या वेळी गाडीचं वेळापत्रक आधी काढलं गेलं. मिस्टरांच्या मनात हे घर विकून पूर्वेला शिरगावकडे जायचं आहे. सिस्टरची हरकत नाही, फक्त आधी तिथं भाड्यानं राहायचं आणि अकरा महिन्यांच्या करारात पावसाळा पूर्ण आला पाहिजे, ही तिची अट त्यांनी मान्य केली आहे.